आठवण आधी पुरी होऊ दे

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

केप टाउनच्या शाळेत खोसा या दक्षिण आफ्रिकेतल्या भाषेच्या तासाला मुलांच्याच आठवणी ऐकायच्या, हा तुझा विचार मला मनापासून पटला. खोसात जवळचा आणि दूरचा भूतकाळ क्रियापदाच्या रूपातच वेगळा होतो. 'न्दिहाम्बिले' हे नुकतेच जाणे, तर 'न्दाहाम्बा' हे फार पूर्वीचे. फळ्यावर हा भेद कितीही समजावला तरी कोरडाच राहतो, पण एखादा मुलगा 'न्दान्दिह्लाला नोमाखुलु', म्हणजे 'मी आजीजवळ राहत असे', असे म्हणतो, तेव्हा ते रूप त्याला आजीसाठी हवे असते आणि म्हणूनच ते त्याच्या जिभेवर बसते.

एकदा असाच एक मुलगा पूर्व केपमधल्या आजीच्या घराविषयी सांगत असताना नामाच्या वर्गाप्रमाणे बदलणारे उपसर्ग सुधारण्यासाठी मी त्याला तीनदा थांबवले. तो मुकाट्याने खाली बसला, आणि त्या वर्षी त्याने पुन्हा हात वर केला नाही. ती चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून मी चुका वहीत टिपते आणि गोष्ट संपल्यावर त्यातली दोनच वाक्ये फळ्यावर घेते. शहरातल्या मुलाने फ्रिजला 'इफ्रिजी' म्हटले तर तेही टोकू नकोस; ज्या शाळेत तो बसला आहे तिला खोसात म्हणतात तो 'इसिकोलो' हा शब्दसुद्धा आफ्रिकान्समधून, म्हणजे डचमधून घडलेल्या तिथल्या भाषेतून आलेला आहे.

मात्र कोणावरही आठवणीची सक्ती करू नकोस. कृष्णवर्णीयांना वावरण्यासाठी परवाना बाळगायला लावणाऱ्या पासच्या जुन्या कायद्यांनी आणि खाणींतल्या मजुरीने तिथली कितीतरी कुटुंबे विखुरली, आणि घरातल्या मोठ्यांचे ते दुःख मुलांपर्यंतही पोचलेले असते. अशा वेळी त्यांच्याच परंपरेतली 'इन्त्सोमी', म्हणजे लोककथा, मदतीला येते. आपल्या 'आटपाट नगर होते' सारखे तिथे 'क्वाथी के कालोकू न्गान्त्सोमी' म्हणतात आणि ऐकणारे 'चोसी!' अशी साद देतात; त्यातला पहिला वर्ण आपण हळहळताना जिभेने 'च्च' करतो तसा उच्चारायचा. या चौकटीत मुलाला स्वतःचे दुःख एखाद्या सशाच्या नावावर सांगता येते. तो ससा कोण, हे तू विचारू नकोस.

पहिल्या दिवशी तू स्वतःच्या लहानपणची एखादी आठवण तुझ्या मोडक्यातोडक्या खोसात सांग, आणि मुलांना तुझे उच्चार सुधारू दे.

तुझी,
बाई