सहाय्यक पात्राचा मृत्यू : परतीचे दार उघडे ठेवू नका

तुमच्या सुपरहीरो मालिकेच्या संहितेत पोलिसांचा वायरलेस ऐकून नायकाला वाट दाखवणारी त्याची थोरली बहीण चौथ्या भागात मरते, वाचणाऱ्यांना मात्र त्याचे काहीच वाटत नाही, आणि निर्मात्यांकडून तर ‘तिला पुढे परत आणता येईल असे ठेवा’ अशी सूचना आली आहे, असे तुम्ही लिहिले आहे. याच पेचातून मी काही वर्षांपूर्वी गेले असल्यामुळे सविस्तर लिहिते. पटकथेची मूलभूत रचना तुम्हाला ठाऊक आहे असे धरून चालते. पुढे काही चित्रपटांतील महत्त्वाच्या घटना उघड होतील. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी येथेच थांबावे.

माझे मत असे की मृत्यूचा प्रसंग किती करुण लिहिला आहे, ही बाब दुय्यम असते. ते पात्र कथेत कोणते काम करत होते आणि ते गेल्यावर ते काम कोणाच्या अंगावर पडते, यावर सारे अवलंबून असते. ‘द डार्क नाइट’मध्ये (2008) बॅटमॅनची, म्हणजे ब्रूस वेनची, बालमैत्रीण रेचल डॉज मरते, आणि आपण दुसऱ्याला निवडले आहे असे तिने ब्रूससाठी लिहून ठेवलेले पत्र त्याचा विश्वासू सेवक आल्फ्रेड जाळून टाकतो. ती आपल्यासाठी थांबली असती या समजुतीवर ब्रूस पुढची वर्षे काढतो, आणि 2012 च्या पुढील भागात आल्फ्रेड ते पत्र जाळल्याचे सांगतो तेव्हा त्या दोघांचे नाते तुटते. चार वर्षांनी आलेल्या चित्रपटातही रेचलचे नसणे अशा रीतीने कथा पुढे ढकलत राहते.

उलट बाजूही पाहा. ‘थॉर : रॅग्नरॉक’मध्ये (2017) खलनायिका हेला ही व्होलस्टॅग आणि फँड्रल यांना काही क्षणांत मारून टाकते, होगनही पाठोपाठ जातो. हे तिघे आधीच्या दोन चित्रपटांतील थॉरचे जिवलग सोबती, परंतु या चित्रपटात थॉर त्यांच्यासाठी एकदाही शोक करत नाही. हेला किती भयंकर आहे हे दाखवण्यापुरताच त्यांचा उपयोग झाला, आणि मला तो चित्रपट कितीही आवडला तरी ही गोष्ट आजही खटकते. त्याच वर्षीच्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या दुसऱ्या भागात नायक पीटरला लहानाचे मोठे केलेला योंडू आपल्याजवळचा अंतराळ-पोशाख त्याला चढवतो आणि स्वतः गोठून मरतो, पुढे ज्यांनी त्याला वाळीत टाकले होते ते जुने साथीदार जहाजे घेऊन त्याला मानवंदना द्यायला येतात. तेथे मरणाऱ्याला स्वतःचा निर्णय आहे, आणि मागे राहिलेल्यांना शोक करायला वेळही दिला आहे.

आता परतीच्या दाराविषयी. ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये (2012) गुप्त संघटनेचा एजंट कोल्सन मेल्यावर त्या संघटनेचा प्रमुख निक फ्यूरी कोल्सनच्या संग्रहातील कॅप्टन अमेरिकाची रक्ताने माखलेली कार्डे नायकांसमोर टेबलावर टाकतो आणि ती कोल्सनच्या जॅकेटमध्ये सापडली असे सांगतो. नंतर फ्यूरीची सहकारी मारिया हिल त्याला आठवण करून देते की ती कार्डे कोल्सनच्या लॉकरमध्ये होती. या मृत्यूचा वापर नायकांना एकत्र आणण्यासाठी होतो आहे, हे चित्रपटच उघड सांगतो, आणि म्हणूनच तो प्रसंग मला प्रामाणिक वाटतो. पुढच्याच वर्षी दूरचित्रवाणी मालिकेत कोल्सन परत आला. त्या मालिकेने त्याच्या पुनरुज्जीवनाची किंमत दाखवण्याचा प्रयत्न मनापासून केला, हे मान्य केले पाहिजे. तरीही आज तो चित्रपट पुन्हा पाहताना ती कार्डे पूर्वीइतकी जड वाटत नाहीत.

तेथे निदान मृत्यू आधी पूर्णपणे घडू दिला होता. आमच्या मालिकेत तेवढेही झाले नाही. नायकाचा पोशाख शिवणारी त्याची मावशी मरते, असे मी लिहिले होते. पुढच्या भागात पोशाख खांद्यावर उसवतो, नायक तिच्या मशीनवर बसतो, त्याला बॉबिन भरता येत नाही, आणि शेवटी तो हाताने धावदोरा घालून वेळ मारून नेतो. ती वेडीवाकडी शिवण पुढच्या प्रत्येक मारामारीत दिसत राहणार होती. ज्या कार्यालयाकडे मालिका होती त्याचे नाव घेत नाही. तेथून निरोप आला की प्रेत दाखवू नका, मावशी खाडीत पडू दे, दुसऱ्या पर्वात उपयोगी पडेल. या एका बदलाने पुढचे सगळे भाग मोडले. बेपत्ता माणसाचा शोध घ्यावा लागतो, त्याचे सुतक पाळता येत नाही. नायकाने शोध घेतला तर मुख्य कथा थांबते, आणि न घेतला तर तो निर्दय ठरतो. मृत्यू पक्का झाल्यासारखे वाटते या कारणावरून शिवणाचा प्रसंगही काढून टाकला गेला. प्रत्येक बैठकीला नवीन माणूस येई, मागच्या बैठकीतील शब्द कोणी आपला मानत नसे, आणि लेखी काहीच मिळत नसे. दुसरे पर्व कधी निघालेच नाही. मावशी अजूनही खाडीत आहे, आणि याचा मला आजही मनस्वी राग येतो.

तुमच्या संहितेविषयी. पाचव्या भागात बहिणीच्या आठवणींची दृश्ये घालू नका. त्याऐवजी नायक चुकीच्या ठिकाणी पोहोचू दे, उशिरा पोहोचू दे, वायरलेसवरचे सांकेतिक शब्द त्याला उलगडेनासे होऊ देत. तिच्या मरणात तिचा स्वतःचा काही निर्णय आहे का, हेही तपासा. कॉमिक्समध्ये निव्वळ नायकाला पेटवण्यासाठी स्त्रीपात्रांचे किती हाल केले जातात, याची यादी कॉमिक्स-लेखिका गेल सिमोन यांनी 1999 मध्ये केली होती, आणि तो आक्षेप चित्रपटांनाही लागू पडतो. सगळ्यांना हे पटेल असे नाही. विनोदी अंगाच्या मालिकेत परत येणारी पात्रे खपूनही जातात.

एक व्यावहारिक गोष्ट, जरी मी वकील नसले तरी. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासदाला आपली संहिता नोंदवता येते. बहीण निश्चितपणे मरते तो मसुदा आधी तेथे नोंदवून घ्या. मग निर्मात्यांना ईमेलने विचारा की तिला परत आणायचे ठरले आहे की केवळ शक्यता म्हणून ठेवायचे आहे, आणि ठरले असेल तर ती कशी वाचली हे कोण लिहिणार. त्याचे लेखी उत्तर येईपर्यंत चौथा भाग त्यांच्या हाती देऊ नका.