कायदा विचारा : फाइल टाकली एकाने, साइट किती जबाबदार?

प्रश्न : झाडीपट्टीसाठी मी नाटकं लिहितो. यंदाच्या नाटकाचं कोणीतरी मोबाइलवर पूर्ण शूटिंग करून फाइल ठेवायच्या एका साइटवर टाकलं. संहितेची पीडीएफही तिथंच आहे. साइटवर केस करता येईल का? (देसाईगंज, जि. गडचिरोली)

उत्तर : येईल, पण आजच केली तर टिकणं कठीण. दुसऱ्याची फाइल नुसती ठेवून घेणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चं संरक्षण आहे. कलम ८१मध्ये कॉपीराइटधारकाचे हक्क राखून ठेवलेत, म्हणून कॉपीराइटच्या भांडणात हे संरक्षण मिळतच नाही, असा युक्तिवाद मायस्पेस (लोक गाणी-व्हिडिओ टाकायचे ती साइट) विरुद्ध सुपर कॅसेट्स (संगीत कंपनी) प्रकरणात झाला होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६मध्ये तो मान्य केला नाही. साइटला त्या विशिष्ट फाइलची प्रत्यक्ष माहिती हवी. ‘तुमच्याकडे चोरीचा माल असतो’ हे मोघम सांगणं पुरत नाही. गोदामवाल्याला चोरीच्या कापसाची गाठ नेमकी दाखवून द्या. त्यानंतरही त्याने ती ठेवली, तर तो अडकतो.

दाखवून द्यायची रीत कॉपीराइट नियम २०१३च्या नियम ७५मध्ये आहे. लेखी तक्रारीत नाटकाची ओळख, मालकीचा पुरावा, ही प्रत बेकायदा का, फाइलची जागा आणि माहीत असल्यास टाकणाऱ्याचा तपशील लिहा. सोबत हमी द्यावी लागते, की टाकणाऱ्यावर दावा लावून २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देईन. ही हमी विसरू नका. साइटची खात्री पटली की ३६ तासांत फाइल बंद. २१ दिवसांत आदेश पोचला नाही, तर ती पुन्हा उघडता येते. दावा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे गडचिरोलीच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. साइटच्या गावी जायला नको.

सर्चमध्ये नाटकाचं नाव टाकून जे पान येतं, त्याची लिंक देऊ नका. फाइल उघडल्यावर वर दिसते ती द्या : व्हिडिओची एक, पीडीएफची दुसरी. उद्या तीच फाइल नव्याने चढली तर लिंक नवी, तक्रारही नवी. तक्रार धाडण्याआधी लिंक आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, फाइल उतरवून ठेवा. कोर्टात त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागेल, त्यात फाइलची हॅशही (फाइलवरून निघणारी, बोटाच्या ठशासारखी ओळख) येते.

आणि नाटक करणाऱ्या मंडळाशी झालेला करार काढून बघा. हक्क लेखी, सहीनिशी मंडळाला दिले असतील, तर तक्रार मंडळाने करायची. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती ५ वर्षं धरतात.

प्रश्न : आमच्या अभ्यासिकेच्या साइटवर मुलं नोट्स टाकतात, त्यात स्कॅन केलेली गाइडंही असतात. प्रत्येक फाइल आम्ही पाहून मंजूर करतो. महिना ५० रुपये फी आहे. प्रकाशकाची नोटीस आली आहे. (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : पाहून मंजूर करता, तिथंच घोडं अडलं. मजकूर स्वतः निवडणाऱ्याला कलम ७९ वाचवत नाही. मुखपृष्ठावर प्रकाशकाचं नाव छापलेलं असताना ‘माहीत नव्हतं’ हे कोण ऐकेल? वर फी घेता, त्यामुळे फायद्यासाठी अशा मालाला जागा देणाऱ्याला पकडणारं कॉपीराइट कायद्याचं कलम ५१ही लागू शकतं. कलम ६३खाली शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख रुपये. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये सांगितलं आहे.

गाइडं आजच साइटवरून उतरवा आणि तसं लेखी कळवा. पण फाइल आणि कोणी कधी टाकली याची नोंद पुसू नका; माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१च्या नियमांप्रमाणे ती १८० दिवस जपायची असते. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची. मुलांच्या स्वतःच्या हाताच्या नोट्स खुशाल ठेवा.

प्रश्न : साइट अमेरिकेतली असेल तर? (मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : तिथे डिजिटल कॉपीराइटचा १९९८चा डीएमसीए कायदा आहे. साइटने नेमलेल्या एजंटला ईमेलने नोटीस पाठवा. त्यासाठी अमेरिकेत नोंदणी लागत नाही. टाकणाऱ्याने उलट नोटीस (फाइल चुकीने काढली, असं कळवणारी) दिली आणि तुम्ही दावा लावला नाही, तर कामाच्या १० ते १४ दिवसांत फाइल परत चढते.