जॉब थरथरवला की ताण जातो का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आम्ही मशिनसाठी ४ मीटर लांबीच्या बेस फ्रेम वेल्ड करतो. मिलिंगला सगळं बरोबर येतं, पण क्लॅम्प सोडले की फ्रेमला ट्विस्ट येतो, कधी तर चार दिवसांनी लेव्हल बिघडते. तापवून ताण काढावा तर एवढी मोठी फर्नेस (भट्टी) आमच्याकडे नाही. एकजण म्हणाले की मोटर बांधून अर्धा तास व्हायब्रेशन द्या, सगळा ताण निघून जातो. खरं आहे का?

उत्तर : "सगळा" हा शब्द सोडला तर खरं आहे, आणि तुमच्यासारख्या जॉबसाठीच ही पद्धत आहे असं मी म्हणेन.

आधी ताण येतो कुठून ते बघू, कारण हे नीट कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. वेल्डचा धातू गार होताना आखडतो. ६५० डिग्रीवरून खाली येताना स्टील मोकळं असतं तर मीटरमागे साधारण ७ मिमी आखडलं असतं, पण बाजूची थंड प्लेट त्याला आखडू देत नाही. साधं माइल्ड स्टील, यील्ड (ज्या ताणापुढे धातू कायमचा ताणला जातो) २५० मेगापास्कल (ताणाचं एकक) धरा, ते परत मागे येईल असं ताणलं जातं फक्त मीटरमागे सव्वा मिमी. उरलेलं त्याला कायमचं ताणून घ्यावं लागतं आणि शेवटी वेल्डच्या आसपास ताण जवळजवळ यील्डला टेकलेला राहतो, लांबच्या प्लेटमध्ये त्याला तोलणारा दाब राहतो. म्हणजे रस्सीखेच चालू आहे, दोन्ही बाजू सारख्याच जोरात ओढतायत म्हणून काही हलत नाहीये इतकंच. तुम्ही मिलिंगने वरचा ४-५ मिमीचा थर काढला की एका बाजूच्या दोन-तीन माणसांनी दोर सोडल्यासारखं होतं, क्लॅम्प असेपर्यंत दिसत नाही, क्लॅम्प सुटले की फ्रेम नवीन तोल शोधते.

आता व्हायब्रेशन काय करतं. समजा वेल्डजवळ २०० मेगापास्कलचा ताण अडकलाय आणि तुम्ही जॉब असा हलवला की तिथे वरून आणखी ६० येतात-जातात, तर बेरीज २६० होते, यील्ड ओलांडलं, तिथलं स्टील केसभर सरकतं आणि तेवढा ताण उतरतो. पण हलवून फक्त १० मेगापास्कल आले तर बेरीज २१०, काहीच होणार नाही, मोटर दिवसभर चालवा. या एका हिशोबावर सगळं अवलंबून आहे, आणि "आम्ही करून बघितलं, फरक पडला नाही" म्हणणारे बरेचजण इथेच चुकलेले असतात असं माझं मत आहे. नुसता आवाज आणि थरथर म्हणजे ट्रीटमेंट नाही, जॉब खरंच वाकला पाहिजे, म्हणून त्याच्या रेझोनन्सजवळ (ज्या स्पीडला जॉब सगळ्यात जास्त हलतो) जावं लागतं.

त्यासाठी फ्रेम जमिनीवर किंवा मशिन बेडवर घट्ट ठेवायची नाही, रबर पॅडवर मोकळी ठेवायची. लांबट फ्रेम पहिल्या मोडमध्ये (हलण्याच्या सगळ्यात साध्या आकारात) वाकते तेव्हा दोन्ही टोकांपासून साधारण २२ टक्के अंतरावरच्या जागा जवळजवळ हलत नाहीत, पॅड तिथे द्या, म्हणजे ४ मीटरच्या फ्रेमला टोकापासून अंदाजे ९० सेंमीवर (आडव्या पट्ट्या आणि मोटरच्या वजनाने थोडं इकडेतिकडे होईल). जागा खात्रीने शोधायची तर सपाट भागावर थोडी बारीक वाळू टाकून मोटर हळूहळू वाढवत न्या, जिथे हालचाल नाही तिथे वाळू गोळा होते. मोटर मात्र उलट, जिथे हालचाल जास्त तिथे, टोकाला किंवा मध्ये, आणि क्लॅम्प एकदम कडक. मग सेन्सर लावून स्पीड वाढवत हालचालीचा ग्राफ काढा, पीक (सगळ्यात उंच टोक) दिसेल, आणि पिकाच्या थोडं अलीकडच्या स्पीडला १०-१५ मिनिटं चालवा. एका मोडमध्ये जे वेल्ड वाकतच नाहीत त्यांना काही मिळत नाही, म्हणून मोटरची जागा बदलून दुसरा मोडही घ्या. तुम्हाला त्रास ट्विस्टचा आहे ना, मग पिळवटणारा मोड मिळतोय का ते मुद्दाम शोधा, मोटर मधोमध न लावता कोपऱ्यावर लावली की तो मोड जास्त सहज मिळतो.

क्रम पण महत्त्वाचा. वेल्डिंग पूर्ण, मग रफ मशिनिंग, मग व्हायब्रेशन, मग फिनिश कट. फिनिश झाल्यावर व्हायब्रेशन देऊ नका, जी हालचाल व्हायला हवी ती तुमच्या तयार फेसवर होईल.

प्रश्न : ट्रीटमेंट करणारे ग्राफ देतात, आधीचा आणि नंतरचा. पीक डावीकडे सरकला आणि उंच झाला म्हणजे ताण गेला असं सांगतात. यावर विश्वास ठेवायचा का?

उत्तर : ग्राफ जपून ठेवा, पण त्याला ताणाचं माप समजू नका. जॉबमध्ये काहीतरी बदललं आणि मग बदलायचं थांबलं एवढं तो सांगतो. मोटरचा क्लॅम्प किंचित सैल झाला किंवा जॉब पॅडवर बसला तरीही पीक सरकतो. आकड्यात ताण हवा असेल तर स्ट्रेन गेज (धातू किती ताणला ते मोजणारी पट्टी) चिकटवून मध्ये छोटं भोक पाडायची पद्धत आहे, भोक पडलं की आजूबाजूचा धातू किती मोकळा झाला ते गेज दाखवतं आणि त्यावरून हिशोब करता येतो. एक्स-रेनेही मोजतात, पण तो फक्त अगदी वरच्या कातडीचा ताण दाखवतो.

रोजच्या कामाला मला याहून साधी परीक्षा आवडते. एकसारख्या दोन फ्रेम घ्या, एकीला व्हायब्रेशन द्या, दुसरीला नको, दोन्हीला सारखेच कट मारा, क्लॅम्प सोडून तीन टेकूंवर ठेवा आणि डायलने त्याच खुणांवर त्याच दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने मोजा. शेवटी तुम्हाला फ्रेम सरळ राहायला हवीय, तर तेच मोजलेलं बरं.

प्रश्न : ड्रॉइंगवर वेल्डिंगनंतर हीट ट्रीटमेंट लिहिलंय, जॉब प्रेशर व्हेसलचा (आत दाब असलेल्या टाकीचा) आहे. त्याऐवजी व्हायब्रेशन चालेल का? वेळ खूप वाचेल.

उत्तर : नाही. इथे मी अजिबात मधलं बोलणार नाही.

फर्नेसमध्ये कार्बन स्टील साधारण ६०० ते ६५० डिग्रीला, जाडीच्या दर २५ मिमीला एक तास अशा हिशोबाने धरतात. त्या तापमानाला यील्ड निम्म्याहून खाली येतं, धातू हळूहळू सरकतो आणि बहुतेक ताण उतरतो. पण तेवढंच होत नाही, वेल्डच्या कडेचा कडक झालेला पट्टा टेंपर होऊन मऊ पडतो, अडकलेला हायड्रोजन बाहेर पडतो. व्हायब्रेशनने यातलं काहीही होत नाही, कडकपणा तसाच, हायड्रोजन तसाच. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअर संस्थेच्या प्रेशर व्हेसल कोडमध्ये हीट ट्रीटमेंट मागितली असेल तिथे तापमान आणि वेळच लागतो, व्हायब्रेशन त्याची जागा घेत नाही. आत प्रेशर आणि बाहेर माणसं उभी आहेत, इथे वेळ वाचवायला जाऊ नका. फर्नेसमध्ये जॉब मावत नसेल तर जॉइंटवर इलेक्ट्रिक हीटिंग पॅड गुंडाळून जागेवर करतात, ते विचारा.

प्रश्न : ३०४ स्टेनलेसच्या फ्रेमला काय करावं?

उत्तर : इथे व्हायब्रेशनचा विचार जरूर करा. ३०४ ला साधारण ४५० ते ८५० डिग्रीत जास्त वेळ ठेवलं की ग्रेनच्या (धातूच्या कणांच्या) कडेला क्रोमियम कार्बाइड जमतं, आजूबाजूचं क्रोमियम कमी होतं आणि तिथून गंज शिरतो, म्हणजे माइल्ड स्टीलची तापवायची सायकल दिली तर जॉब सरळ राहील पण स्टेनलेसपण जाईल. १०५० च्या आसपास नेऊन झपकन गार करणं फॅब्रिकेटेड फ्रेमला झेपत नाही, ती वाकडी होते. मात्र क्लोराइडमुळे तडे जायची भीती असेल तर व्हायब्रेशनवर अवलंबून राहू नका, तडे जायला पुरेल इतका ताण मागे राहू शकतो.

प्रश्न : व्हायब्रेशनने वेल्डला क्रॅक जाईल का?

उत्तर : चांगल्या वेल्डला सहसा नाही, पण हिशोब बघा. ५० हर्ट्झवर १५ मिनिटं म्हणजे ४५ हजार वेळा वाकवणं. आधीच अंडरकट (वेल्डच्या कडेची खाच) किंवा बारीक क्रॅक असेल तर तो वाढू शकतो. म्हणून आधी आणि नंतर डाय पेनिट्रंट (क्रॅक दाखवणारा रंग) मारा, टॅकवर (नुसत्या ठिपक्यांच्या कच्च्या वेल्डवर) ठेवलेल्या जॉबला हे करू नका, आणि पीक स्थिर झाला की मोटर बंद करा, "अजून थोडं" म्हणून तासभर चालवू नका.