ग्रुप काढण्याआधी

ताई, गावातल्या बायकांना गर्भनिरोधनाचे निरोप द्यायला मोबाइल वापरताय, छानच. पण आधी एक विचारा: फोन कोणाच्या हातात असतो? बऱ्याच घरांत तो नवऱ्याकडे किंवा सगळ्यांत मिळून एकच असतो. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. त्याची आठवण पडद्यावर झळकली, तर त्या बाईने घरच्यांपासून लपवलेलं उघडं पडतं. मारही बसू शकतो. म्हणून ‘केंद्रावर या’ एवढंच लिहा. कधी, कुठल्या नंबरवर, हे तिलाच ठरवू द्या.

हमखास होणाऱ्या चुका:
- सगळ्या बायकांचा एकच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. नंबर सगळ्यांना दिसतात.
- बायकांची नावं असलेल्या रजिस्टरचा फोटो काढून पाठवणं. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार गर्भपात झालेल्या बाईचं नाव डॉक्टरांनी बेकायदा उघड केलं, तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

ग्रुप, अ‍ॅप यांचं नंतर बघू. आधी पाच-सहाजणींशी प्रत्यक्ष बोला.