डोक्यातला स्वेटर कागदावर: विणकामाचे प्रश्न, वाचकांचे आणि आमचे

यावेळी पत्रांचा गठ्ठा बघितला तर निम्म्याहून जास्त जणींना (आणि दोघा-तिघा जणांनाही, बरं का) आता दुसऱ्याचे नमुने विणून कंटाळा आलाय, स्वतःचं डिझाईन करायचंय आणि काहींना तर ते ग्रुपमध्ये सगळ्यांनी मिळून विणायचंय, ज्याला हल्ली निटअलाँग म्हणतात. तर सगळे प्रश्न त्याचेच घेतले.

प्रश्न: ताई, मी मनानेच एक स्वेटर विणला, नमुना वगैरे काही नव्हता. आता सगळ्या मैत्रिणी मागे लागल्यात की पॅटर्न दे. माझ्याकडे फोनमध्ये "इथे ६ कमी केले" असल्या नोंदी आहेत. त्यावरून पॅटर्न लिहिता येईल का?

येईल, पण त्या नोंदींवरून थेट नाही. त्या नोंदी तुमच्या हातांसाठी आहेत, तुमचा हात घट्ट की सैल, तुमच्या सुया कुठल्या, हे सगळं त्यात गृहीत धरलेलं असतं आणि वाचणारीला ते माहीत नसतं. आधी स्वॉच करा, म्हणजे त्याच लोकरीचा, त्याच सुयांचा, त्याच विणीचा निदान १५ बाय १५ सेंटीमीटरचा तुकडा. तो धुवा, सपाट वाळवा, आणि मगच मधल्या १० सेंटीमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी येतात ते मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी वेडेवाकडे असतात. आणि स्वेटर गोल विणला असेल तर स्वॉचही गोलच विणा, कारण बऱ्याच जणींचा उलटा टाका सुलट्यापेक्षा सैल पडतो आणि सपाट तुकड्याचं माप गोल विणताना जुळत नाही.

आता आकडे. समजा १० सेंमीला २२ टाके आले, छाती ९६ सेंमी आणि तुम्हाला ८ सेंमी सैल हवाय, म्हणजे १०४ सेंमी. १०४ गुणिले २.२ म्हणजे साधारण २२९ टाके. पण तुमच्या विणीचा नमुना दर ८ टाक्यांनी परत येणारा असेल तर २२९ चालत नाही, ८ ने भाग जायला हवा, मग २२४ किंवा २३२. इथे बहुतेक जणी जवळचा म्हणून २३२ घेतात आणि मग पुढे अडकतात, कारण २३२ म्हणजे २९ नमुने, पुढे साडेचौदा आणि मागे साडेचौदा, म्हणजे बगलेखाली अर्धा नमुना तुटतो. २२४ घेतलं तर २८ नमुने होतात, पुढे १४ मागे १४, माप भरतं जवळजवळ १०२ सेंमी. ८ च्या जागी ६ सेंमीच सैल मिळालं, पण स्वेटर नीट बसतो आणि बगल स्वच्छ दिसते. डिझाईन म्हणजे मुख्यतः असले निर्णय असतात, सुंदर वीण सुचणं हा त्यातला सोपा भाग.

लिहिताना एक सवय लावा, टाके वाढवले किंवा कमी केले की त्या ओळीच्या शेवटी एकूण किती टाके राहिले ते लिहायचंच. विणणारीला चूक कळते ती तिथेच, नाहीतर बाही अर्धी झाल्यावर कळते आणि मग उसवत बसायचं.

प्रश्न: स्वॉच खरंच एवढा लागतो का? मी तर कधीच करत नाही आणि माझं सगळं नीट होतं.

मफलर विणत असाल तर नका करू, काही बिघडत नाही. पण वरचाच स्वेटर घ्या. २२४ टाके, आणि विणणारीचा हात थोडा सैल असल्यामुळे १० सेंमीला २२ ऐवजी २० आले, तर स्वेटर ११२ सेंमी होतो, १० सेंमी मोठा. आणि हात घट्ट असून २४ आले तर ९३ सेंमी, म्हणजे अंगापेक्षाही लहान. दोन टाक्यांचा फरक आहे फक्त! तुमचं नीट होतं कारण तुम्ही बहुधा तीच लोकर आणि त्याच सुया परत परत वापरताय, म्हणजे मागचा स्वेटर हाच तुमचा स्वॉच.

आणि डिझाईन करणारीला तर स्वॉचचा अजून एक उपयोग असतो तो म्हणजे लोकर किती लागेल ते काढणं. १५ बाय १५ चा तुकडा म्हणजे २२५ चौरस सेंमी, त्याचं वजन समजा ९ ग्रॅम भरलं, म्हणजे १ ग्रॅममध्ये २५ चौरस सेंमी होतं. स्वेटरच्या सगळ्या भागांचं क्षेत्रफळ काढा, समजा ९५०० चौरस सेंमी आलं, तर ३८० ग्रॅम, त्यावर १० ते १५ टक्के जास्त धरा. पॅटर्नमध्ये मात्र नुसते ग्रॅम लिहू नका, मीटरही लिहा, कारण दुसरी लोकर त्याच वजनात कमी-जास्त लांब असते आणि मग शेवटच्या बाहीला गुंडा संपतो.

प्रश्न: एकाच मापाचा पॅटर्न तयार आहे. बाकीच्या मापांसाठी सगळं सारख्या टक्क्याने वाढवलं तर चालेल का? की जाड सुई घ्यायला सांगू?

जाड सुईचं तर विसराच, कापडच बदलतं, लोंबतं.

टक्केवारीचं म्हणाल तर विणकामावर पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांची पद्धत विणणाऱ्यांमध्ये प्रसिद्धच आहे, अंगाचे टाके १०० टक्के धरायचे, मनगटाला २०, बाहीच्या वरच्या घेराला साधारण ३३ ते ३५, गळ्याला ४०. आपल्या २२४ टाक्यांचा गळा ९० टाके, म्हणजे ४१ सेंमी. छान. स्वतःसाठी गोल योकचा, म्हणजे खांदे आणि छातीचा वरचा भाग सलग गोल विणलेला, स्वेटर विणायचा तर ही पद्धत झकास आहे, मला फार आवडते. पण हीच टक्केवारी घेऊन १५० सेंमी घेराचा स्वेटर करा, गळा ६० सेंमी होतो आणि स्वेटर खांद्यावरून खाली सरकतो. माणसाचा घेर वाढला म्हणून मान त्याच हिशोबाने वाढत नाही, खांदे वाढत नाहीत, हाताची लांबी तर जवळजवळ तेवढीच राहते. दंडाचा घेर मात्र बऱ्यापैकी वाढतो आणि नेमका तिथेच मोठ्या मापांचे पॅटर्न काचतात.

म्हणून टक्के सोडा आणि मापांचा तक्ता घ्या. क्राफ्ट यार्न कौन्सिल या अमेरिकेतल्या लोकर-धाग्याच्या संस्थेचे तक्ते बरेच डिझायनर वापरतात. छाती, पाठीची रुंदी, मुंढ्याची खोली, दंड, मनगट, प्रत्येक मापाला प्रत्येक आकडा वेगळा घ्यायचा आणि स्प्रेडशीटमध्ये टाकायचा. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू. पण दोनच मापांचा पॅटर्न काढून त्यावर "सगळ्यांसाठी" लिहिणं मला तरी पटत नाही. स्वेटरचा एवढा हिशोब नको असेल तर पहिलं डिझाईन शालीचं करा, तिला मुंढा नसतो.

प्रश्न: वीण जुन्या पुस्तकातली आहे, मी फक्त ती टोपीवर बसवली. मग डिझाईन माझं म्हणू शकते का?

टोपीचं डिझाईन तुमचं, वीण कुणाचीच नाही. पानाची जाळी, वेणी, मॉस स्टिच या गोष्टी पिढ्यानपिढ्या विणल्या जातायत. पण त्या पुस्तकातला चार्टचा (चौकोनांत चिन्हं घालून काढलेल्या विणीच्या आराखड्याचा) फोटो किंवा मजकूर जसाच्या तसा उचलायचा नाही, चार्ट स्वतः काढायचा, शब्द स्वतःचे लिहायचे. एखाद्या हल्लीच्या डिझायनरचं अख्खं डिझाईन घेऊन दोन ओळी बदलल्या तर मात्र ते तुमचं होत नाही.

प्रश्न: टेस्ट निटर आणि टेक एडिटर दोन्ही लागतात का? मैत्रिणी म्हणतात आम्ही विणून बघतो की.

दोघांची कामं वेगळी आहेत. टेक एडिटर विणत नाही, ती कागदावरचं गणित आणि भाषा तपासते, सगळ्या मापांचं. टेस्ट निटर प्रत्यक्ष विणते पण एकच माप. म्हणून शक्य असेल तर आधी एडिटर मग टेस्टर, नाहीतर टेस्टर बिचाऱ्या तुमच्या बेरजेच्या चुका लोकर उसवून शोधत बसतात. प्रत्येक मापाला निदान एक टेस्टर हवी, आणि स्वेटरला सहा ते आठ आठवडे द्या, लोकांना घरं असतात. त्यांच्याकडून "छान झालं" नको, त्यांना आलेलं गेज (१० सेंमीत किती टाके, किती ओळी), धुतल्यावरची मापं, लोकर किती लागली आणि कुठल्या ओळीला थांबून दोनदा वाचावं लागलं एवढं मागा.

मैत्रिणींचं सांगायचं तर, जी तुम्हाला फोन करून विचारेल ती टेस्टर नव्हे. फोन न करता जिला विणता आलं तिच्यामुळे पॅटर्न पास.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये मला मिस्ट्री निटअलाँग घ्यायचंय, म्हणजे पॅटर्न भागाभागाने द्यायचा आणि शाल कशी दिसणार ते गुपित, तिकोनी शाल आहे, २०० ओळी, दर आठवड्याला ५० ओळींचा भाग देणार, चार आठवड्यांत संपेल. बरोबर आहे ना?

नाही हो, आणि बरं झालं आधी विचारलंत. तुमची शाल वरून मोजक्या टाक्यांनी सुरू होते आणि दर दोन ओळींना ४ टाके वाढतात असं पत्रात पुढे लिहिलंय, म्हणजे शेवटी ४०० च्या आसपास टाके. पूर्ण शालीचे झाले साधारण ४०,००० टाके. पहिल्या ५० ओळींत त्यातले जेमतेम २,५०० येतात आणि शेवटच्या ५० ओळींत १७,५००. सात पट! पहिल्या आठवड्यात सगळ्या दोन दिवसांत संपवून "पुढचा भाग कधी" म्हणून मागे लागतील आणि चौथ्या आठवड्यात ग्रुप चिडीचूप होईल, कारण कुणाचंच होत नसेल.

भाग ओळींवर पाडू नका, टाक्यांवर पाडा. चार सारखे भाग हवेत तर पहिला १०० ओळींपर्यंत, दुसरा १४२, तिसरा १७४, चौथा २०० पर्यंत. दिसायला शेवटचा भाग फक्त २६ ओळींचा पण काम तेवढंच, सुमारे १०,००० टाके. मिनिटाला २५ टाके धरले तर आठवड्याला साडेसहा-सात तास, रोज जवळपास एक तास. जाळीची वीण असेल किंवा हात हळू असेल तर हेच दहा-अकरा तासांवर जातं, मग ते निटअलाँग राहत नाही, नोकरी होते. मी तरी सहा आठवडे घेईन, ८२, ११६, १४२, १६४, १८२ आणि २०० या ओळींना तोडून. तुमच्या विणीचा नमुना किती ओळींनी परत येतो त्याप्रमाणे दोन-चार ओळी इकडेतिकडे करा, विणीतलं पान अर्धं असताना भाग संपवू नका. (गोल शाल असती, ती टाके एकदम दुप्पट करत जाणारी, तर अजून गंमत, तिच्यात टाकेही दुप्पट आणि फेऱ्याही दुप्पट, म्हणजे प्रत्येक भागाला काम चौपट.)

आणि मिस्ट्री आहे म्हणून सगळंच गुपित ठेवायचं नसतं. आकार, अंदाजे माप, लोकर किती मीटर, सुई कुठली, जाळी आहे की वेण्या, मणी लागणार का, अवघडपणा किती, हे आधीच सांगा. दोन रंग असतील तर ते उठून दिसतील का हे बघायला गुंड्यांचा ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढायला सांगा, दोन्ही सारखेच करडे दिसले तर रंग बदला. प्रत्येक भागाच्या शेवटी टाक्यांमधून एक वेगळा बारीक दोरा ओवून ठेवायला लावा, लाईफलाईन, म्हणजे पुढचा भाग चुकला तरी उसवणं तिथपर्यंतच.

प्रश्न: मागच्या निटअलाँगमध्ये एकीने पुढचा भाग मिळाल्या मिळाल्या रात्रीत विणून फोटो टाकला आणि बाकीच्या रुसल्या. काहीजणी तर मध्येच गायब झाल्या. यजमान म्हणून मी काय करायला हवं होतं?

फोटोंसाठी ग्रुपमध्ये प्रत्येक भागाचा वेगळा धागा (थ्रेड, म्हणजे चर्चेची वेगळी साखळी) करा आणि नियम पहिल्याच दिवशी लिहा, भाग दोनचा फोटो भाग दोनच्याच धाग्यात. मग रात्रीत विणणारीलाही मिरवता येतं आणि जिला बघायचं नाही तिला दिसत नाही. भांडण झाल्यावर नियम केला की तो कुणातरी एकीवर केलाय असं वाटतं.

गायब होणाऱ्यांचं मनाला लावून घेऊ नका, प्रत्येक निटअलाँगमध्ये होतं. पण दोन गोष्टी करता येतात, एक म्हणजे मधे एक आठवडा रिकामा ठेवायचा, नवीन भाग नाही, फक्त गाठायचं. दुसरं, बक्षीस ठेवणार असाल तर ते "आधी संपवलं" याला ठेवू नका, वेगाने विणणाऱ्या तीन-चार जणींचीच शर्यत होते. ज्यांनी फोटो टाकला त्या सगळ्यांतून चिठ्ठी काढा, अर्धवट शालीचा फोटोही चालेल. आणि "मागे पडलेल्या" असा धागा उघडाच, पुष्कळदा सगळ्यात छान गप्पा तिथेच चालतात.

प्रश्न: माझ्या ग्रुपमध्ये एक डावखुरी आहे आणि एकजण स्क्रीन रीडर वापरते. पॅटर्न वेगळा लिहायला लागेल का?

स्क्रीन रीडर चार्टचं चित्र वाचू शकत नाही, म्हणून प्रत्येक चार्टसोबत ओळीनुसार लिहिलेल्या सूचना द्या, आणि "खालील तांबडे चौकोन" असं नुसतं रंगावर काही ठेवू नका, चिन्हही वेगळं असू द्या. डावखुऱ्या सगळ्याच उलट्या दिशेने विणत नाहीत, आधी तिला विचारा. विणत असेल तर चार्ट ती उलट बाजूने वाचेल आणि डावीकडे-उजवीकडे झुकणारे कमी-टाके (टाके कमी करताना एकत्र विणलेले) तिला अदलाबदल करून लागतील. त्यासाठी "उजवीकडून" "डावीकडून" ऐवजी "ओळीच्या सुरुवातीला" "ओळीच्या शेवटी" असं लिहा, सगळ्यांनाच कळतं.