झोळ जातो कुठे? गोधड्या, कवंद्या आणि क्विल्ट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात देशोदेशीच्या गोधड्यांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत सर्वांत जास्त तक्रार एकाच गोष्टीची आहे: झोळ, म्हणजे शिवताना साठणारे सैल कापड. म्हणून सुरुवात तिथूनच.

कर्नाटकात हल्याळजवळच्या सिद्दी वस्तीत बायका कवंदी, म्हणजे त्यांची तुकड्यांची गोधडी, शिवताना पाहिल्या. कच्चा टाका नाही, पट्टी-टेप नाही. कोपऱ्यापासून सुरुवात आणि कडेकडेने आत. क्विल्टिंगच्या वर्गात मात्र मला सांगतात की मधून सुरू करा आणि बाहेर जा, नाहीतर मधे फुगा येतो. मग कवंदीला फुगा का येत नाही? (बेळगाव)

वर्गात सांगतात ते त्यांच्या पद्धतीपुरते बरोबर आहे. क्विल्टमध्ये वरचा तुकड्यांचा थर आधीच पूर्ण मापाचा जोडून तयार असतो. तो, मधले भरण आणि अस्तर असे तिन्ही थर एकावर एक ठेवले की मग धावदोरा सुरू होतो. प्रत्येक टाका कापड किंचित ओढतो आणि थोडे कापड सुईच्या पुढे ढकलतो. मधून बाहेर गेलात तर हे पुढे ढकललेले कापड कडेने निघून जाते. कडेकडून आत आलात तर त्याला वाट उरत नाही आणि सगळा झोळ मधोमध जमतो.

कवंदीत वरचा थर आधी नसतोच. खाली जुने लुगडे किंवा साडी अंथरलेली असते आणि तुकडे एकेक करून, शिवत शिवत मांडले जातात. झोळ साठायला वर कापडच नाही! नवा तुकडा त्या क्षणी खालचे कापड जसे असेल तसा त्यावर सपाट बसतो. उरतो तो तळाचा प्रश्न. त्यासाठी दर फेरीनंतर कवंदी उलटायची आणि तळावरून हात फिरवायचा. चुणी लागली तर शेवटचे वीतभर टाके उसवायचे. पुढे जाऊन ती आपोआप निघत नाही. तरीही थोडा झोळ राहतोच, पण तो समांतर टाक्यांच्या रांगांमध्ये वाटला जातो. कवंदीचा तो बारीक सुरकुतलेला पोत त्यातूनच येतो.

उत्तर कन्नड जिल्ह्यात येल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दींची वस्ती आहे. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते आणि तिथून ते घाटावरच्या जंगलात आले. घरात कोकणी वळणाची बोली, बाजारात कन्नड, शिवाय मराठीही कानावरची. कर्नाटकात 2003 पासून त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. ख्रिस्ती घरच्या कवंदीत क्रूस दिसतो, मुसलमान घरच्या कवंदीत कधी चंद्रकोर. पण चार कोपऱ्यांवरची घडीची ‘फुले’ सगळ्यांची. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे तिथे कोणी म्हणत नाही.

बाळासाठी अशी एक कवंदी करायची आहे. कापड, दोरा किती लागेल? (चिपळूण)

तयार माप 36 × 42 इंच धरू. तळाला जुने सुती कापड 38 × 44 इंच, म्हणजे चारी बाजूंना एकेक इंच दुमडायला मिळतो. मधे जुन्या चादरीचा एक थर, तो मात्र बरोबर 36 × 42. तुकडे सरासरी साडेपाच इंची, 75 ते 80 नग. अखंड कापडातून कापायचे तर 44 इंच पन्ह्याचे दीड मीटर पुरते. साडेपाचाच्या तुकड्याचे दिसतात फक्त साडेचार इंच, कारण अर्धा इंच दुमडीत जातो आणि अर्धा इंच शेजारच्या तुकड्याखाली. दोऱ्याचा हिशेब लोक विसरतात. रांगांमध्ये अर्धा इंच अंतर ठेवले तर धावदोऱ्याची लांबी सुमारे 77 मीटर भरते. दोरा दुहेरी आणि टाक्यांत मुरणारा वेगळा, म्हणून 200 मीटर एकाच रंगाचा आणून ठेवा. अर्ध्यात संपला की तोच रंग मिळत नाही.

मधल्या चादरीवर तळाची कड दुमडून नखाने दाबा. फुलासाठी तीन इंचांचा चौकोन कर्णावर दोनदा दुमडा. त्रिकोण झाला की टोक बाहेर आणि कच्ची कड आत, असा तो कोपऱ्यात सरकवा. त्यावर पहिला तुकडा ठेवायचा. त्याच्या बाहेरच्या दोन कडा अर्धा इंच दुमडून तळाच्या कडेशी जुळवा आणि कडेपासून जवभर आत धावदोरा सुरू करा, इंचाला चार टाके. पुढच्या तुकड्याच्याही दोनच कडा दुमडायच्या: बाहेरची आणि आधीच्या तुकड्यावर बसणारी. बाकीच्या दोन कच्च्याच राहू द्या, त्या पुढच्या तुकड्यांखाली जातील. कोपरा आला की फूल, वळण आणि पुढे. दोरा तोडायचा नाही, संपला तरच नवा. एका वेळी हातभरच घ्या; लांब दोरा पीळ खातो आणि गाठाळतो.

पहिल्या धुण्यातच तुकड्यांच्या कडा बाहेर आल्या, अशी तक्रार असते. तिथे खालची कच्ची कड अर्ध्या इंचापेक्षा कमी दबलेली असते. ठिगळ लावून भागते, पण दिसते. दुसरी अडचण सुई अडण्याची. चार दुमडी एकाच ठिकाणी आल्या की आठ-दहा पदर होतात. म्हणून तुकडे विटांसारखे, सांधा चुकवत मांडा. जीन्सचे तुकडे पहिल्या कवंदीत घालूच नका. शेवटी मधे राहिलेल्या खिडकीवर चारी कडा दुमडलेला तुकडा बसतो. त्यासाठी एक आवडता रंग बाजूला काढून ठेवा.

अमेरिकेतल्या गीज बेंडच्या क्विल्ट पाहून चौकोनाभोवती पट्ट्या जोडत ‘हाउसटॉप’ केला. सहाव्या फेरीनंतर कडा पापडासारख्या वर आल्या. चुकले कुठे? (न्यू जर्सी)

लांब पट्टी लावून शिवत गेलात आणि शेवटी उरलेली कापून टाकलीत, बरोबर? मशीनचे दात खालचे कापड ओढतात, वरचे मागे पडते. शिवताना हातानेही थोडे ताणले जाते. त्यामुळे प्रत्येक पट्टी असायला हवी त्याहून दोन-तीन मिलिमीटर लांब शिवली जाते आणि फेरीगणिक ती लांबी साठते. माप कडेवर घेऊ नका, चौकोनाच्या मधोमध घ्या. समोरासमोरच्या दोन्ही पट्ट्या त्या मापाच्या आधीच कापा, दोन टोके आणि मध्य टाचून घ्या, मग शिवा. पट्टी कापडाच्या काठाला समांतर कापलेली सर्वांत कमी ताणते. उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, तर इथे वापरूच नये. कॉर्डरॉय घेतले असेल तर टाचण्या दोन-दोन इंचांवर लावा, कारण त्याची लव समोरच्या कापडावर घसरते. आता झालेली लाट इस्त्रीने जाणार नाही. शेवटच्या तीन फेऱ्या उसवा, त्याआधीच्या राहू द्या.

गीज बेंड म्हणजे अलाबामा नदीच्या वळणातले गाव, कागदोपत्री नाव बॉयकिन. तिथल्या बायकांच्या ओळी वाकड्या का, याचे उत्तर कापडात आहे. शेतात घातलेल्या पँटी, गुडघ्याशी विरलेल्या, शिवणीशी मूळ निळ्या राहिलेल्या, हेच भांडवल. मिझुरी पेटवे यांनी 1942 साली वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची क्विल्ट केली. तिच्यात फिकट आणि गडद निळ्याचा सगळा खेळ उन्हाने आणि घामाने केलेला आहे. 1966 मध्ये त्या परिसरात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था निघाली. 1972 पासून सिअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम आले आणि उरलेल्या कातरणातून गावच्या क्विल्टमध्ये एकदम गडद शेंदरी, हिरवे, सोनेरी रंग शिरले. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात प्रदर्शन झाले, 2006 मध्ये टपाल तिकिटे निघाली. त्यांच्या क्विल्टलाही लाटा आहेत. फक्त धुऊन धुऊन मऊ पडलेले कापड त्या लाटा रिचवते. दुकानातले कोरे कापड ताठ उभे राहते.

अमेरिकेतल्या गुलामांना पळून जायची वाट दाखवायला क्विल्टमध्ये सांकेतिक नक्षी शिवत, हे खरे का? (पुणे)

1999 च्या एका पुस्तकामुळे ही गोष्ट सर्वदूर गेली. तिला त्या काळचा पुरावा नाही आणि गुलामगिरीचे बहुतेक अभ्यासक ती मानत नाहीत. पूर्वी गुलाम असलेल्या बाईची, नावानिशी माहीत असलेली क्विल्ट पाहायची असेल तर हॅरिएट पॉवर्स यांच्या दोन पाहा. जॉर्जियात 1837 साली गुलामीत जन्मलेल्या या बाईंनी बायबलमधल्या कथा कापडाच्या आकृत्या चिकटवल्यासारख्या शिवून मांडल्या. पहिली 1886 च्या सुमाराची, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. मागितले होते दहा डॉलर, अडचणीमुळे ती पाचाला विकावी लागली. दुसरी बोस्टनमध्ये, तिच्यात 13 नोव्हेंबर 1833 चा उल्कावर्षावही आहे. त्यांच्या जन्माआधीचा, म्हणजे ऐकलेला!

लाल तुकड्यांचा रंग धुताना पांढऱ्यावर उतरला. मिठाच्या पाण्यात ठेवू का? (नागपूर)

नको. तयार कापडाचा सुटणारा रंग मीठ धरून ठेवत नाही. मुख्य म्हणजे क्विल्ट वाळू देऊ नका. मोठ्या टबात क्विल्ट पूर्ण बुडेल इतके गरम पाणी आणि द्रव साबण घ्या, ती रात्रभर पाण्याखाली दाबून ठेवा. पाणी लाल झाले की बदला. भरपूर पाण्यात सुटलेला रंग तरंगता राहतो आणि पुन्हा बसत नाही. थोडक्या पाण्यात बसतो. हे सुती कापडापुरते. रेशमी किंवा लोकरी तुकडा असेल तर गरम पाणी वापरू नका. पुढच्या वेळी गडद तुकडा कापण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा.

आजीची चौघडी भिंतीवर लावायची आहे. खिळे ठोकू? (सातारा)

खिळ्याभोवती सगळे वजन एका धाग्यावर येते आणि कापड तिथेच फाटते. मागे वरच्या कडेला चार इंच रुंद सुती नळी हाताने शिवा, टाके फक्त अस्तरातून घ्या, आणि तिच्यातून लाकडी दांडी घाला. ऊन येणारी भिंत टाळा. वर्षातले काही महिने उतरवून ठेवा, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. जुन्या सुती धोतरात गुंडाळा आणि दरवेळी घडी वेगळ्या जागी घाला.