अपडेट बंद करायच्या आधी: विंडोज १०, मंगल फॉन्ट आणि हाताशी ठेवायची सॉफ्टवेअर

निपाणीकर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुना लॅपटॉप, विंडोज १०. दुकानात नेऊन विंडोज नव्यानं टाकून घेतलं, सगळे अपडेट झाले आणि सोसायटीची जुनी मराठी पत्रं बिघडली. काहींच्या ओळी खालीवर झाल्या, काहींत नुसती इंग्रजी अक्षरं न् चिन्हं दिसतात. मित्र म्हणतो, अपडेटच कायमचं बंद करून टाका. शिवाय एकाच मशीनवर कानडी-मराठी दोन्ही टाईप करायचंय, आणि रोजच्या कामाला फुकटातलं काय ठेवावं तेही विचारलंय.

मित्राचं ऐकू नका. पत्रं अपडेटनं बिघडलेली नाहीत, विंडोज नव्यानं टाकल्यानं बिघडलीत. त्याकडं येतोच, पण आधी अपडेटचं.

दोन तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोजच्या सुरक्षेतलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे २०१७ ला त्याच भोकातून 'वॉनाक्राय' शिरला आणि जगभरातल्या कॉम्प्युटरांतल्या फायली कुलूपबंद करून पैसे मागायला लागला. मधे जवळजवळ दोन महिने होते. तेवढ्यात कधीही ते अपडेट घेतलं असतं तर तो त्या वाटेनं आत येऊ शकला नसता. आता उलट बाजू. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. विमानं थांबली. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या सहामाही मोठ्या अपडेटनंतर काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच गायब झाल्या. मायक्रोसॉफ्टनं ते मागं घेतलं आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त करून पुन्हा दिलं.

माझा हिशेब यावरूनच आहे. दर महिन्याचं सुरक्षेचं अपडेट आठवड्याच्या आत घ्यायचं, त्याच दिवशी नाही. नवीन रूपडं आणणारं मोठं अपडेट दोन-तीन महिने इतरांना वापरू द्यायचं. आणि बायॉसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेट खरोखर गरज असेल तरच. तेही डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर, लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला. आपल्याकडं पावसाळ्यात करंट कधी जाईल ते सांगता येत नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्यांना तर हे वेगळं सांगायलाच नको. विंडोजचं अपडेट अर्धवट राहिलं तर ते बहुतेक वेळा स्वतःला सावरून मागं फिरतं. बायॉस अर्धवट राहिला तर मशीन सुरूच न होण्याची भीती असते.

वेळ तुमच्या हातात ठेवणं सोपं आहे. महिन्याचं अपडेट अमेरिकेत दुसऱ्या मंगळवारी सकाळी निघतं, म्हणजे आपल्याकडं रात्र झालेली असते. म्हणून बुधवारी सकाळी सोसायटी उघडायच्या घाईतच मशीन गोल फिरत बसतं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये 'पॉज'ची सोय आहे, जास्तीत जास्त ३५ दिवस. पण तुम्हाला शनिवारपर्यंतच हवंय. शनिवारी काम आटोपलं की सोडून द्या. त्याच पानावर 'ॲक्टिव्ह अवर्स'मध्ये सोसायटीची वेळ घातली की त्या वेळात ते आपणहून रीस्टार्ट होणार नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर ते कनेक्शन 'मीटर्ड' (मोजका डेटा असलेलं) करून ठेवा, नाहीतर दिवसाचा डेटा सकाळीच संपतो. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये इतर कॉम्प्युटरांशी देवाणघेवाण करायचं बटण असतं, तेही बंद करा.

आता विंडोज १० चं वय. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. तिला विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२ लागते. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती पैसे न देता मिळते. मग विंडोज अकरा घ्यायचं का? त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. जुगाड करून जुन्यावर चढवणारे आहेत, मी सोसायटीच्या मशीनवर ते करणार नाही.

आता पत्रं. इथं तुमच्या दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झाल्यात.

ज्या पत्रांच्या ओळी खालीवर झाल्या ती बहुधा मंगल फॉन्टमधली असणार. विंडोज १० पासून मंगल मूळ विंडोजसोबत येत नाही, तो 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या नावाखाली ठेवलाय. तो नसला की वर्ड दुसरा फॉन्ट, बहुतेकदा निर्मला यूआय, घेतो. अक्षरांची रुंदी-उंची बदलते आणि एका पानाचं पत्र दीड पानाचं होतं. सेटिंग्जमध्ये जाऊन ते फीचर बसवा, पत्रं होती तशी होतील. कानडीच्या तुंगा फॉन्टचंही असंच आहे, तो 'कन्नड सप्लिमेंटल'मध्ये मिळतो.

ज्यात नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात ती मात्र जुन्या फॉन्टातली. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधी शिवाजी, किरण, श्रीलिपीचे फॉन्ट वापरायचे तेव्हा कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजी अक्षरंच होतं. फक्त फॉन्टमध्ये त्या जागी मराठी आकार बसवलेले. फॉन्ट गेला की खालचं उघडं पडतं. मजकूर कुठं गेलेला नाही, घाबरू नका. वर्डमध्ये त्या ओळीवर क्लिक करा. वर फॉन्टच्या खान्यात न सापडलेल्या फॉन्टचंही नाव दिसतं. ते नाव घेऊन ज्या जुन्या मशीनवर पत्र लिहिलं तिथल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो फॉन्ट आणा. मशीनच उरलं नसेल तर त्या काळी तुमच्याकडं टाईप करायला कोण होतं त्याला विचारा, पेन ड्राईव्हवर हमखास सापडतो.

पण तिथं थांबू नका. फाईलची एक प्रत करून ती कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये बदला आणि बदलल्यावर डोळ्यांनी वाचा. पहिली वेलांटी आणि रफार इथं घोळ होतो, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होत होती आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. 'किती'चं काहीतरी भलतंच झालेलं दिसेल. ठराव आणि सभासदांची नावं असलेली पत्रं तर दोघांनी मिळून तपासा. कानडीतल्या जुन्या नुडी किंवा बरहा या टायपिंग सॉफ्टवेअरच्या फायली सरकारी ऑफिसातून आल्या तरी हेच, कारणही तेच.

टायपिंगसाठी आता वेगळं काही डाऊनलोड करायची गरज नाही. २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून विंडोजमध्येच मराठी न् कानडी दोन्हींचे फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून टाईप करायचे, कीबोर्ड आहेत. भाषा जोडायची, विंडोजची कळ न् स्पेसबार दाबून बदलायची, झालं. तात्पुरतं चार ओळींपुरतं हे ठीक.

मी मात्र तुम्हाला इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणीच सुचवीन, आणि ते आपल्या भागातल्या माणसाला तर फारच. इनस्क्रिप्टमध्ये सगळ्या भारतीय लिप्यांची अक्षरं एकाच जागी बसवलीत. मराठीत ज्या कळेवर क, त्याच कळेवर कानडीचा ಕ. त, प, म, र, सगळं तसंच. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. एकदा बोटांना मराठी बसली की कानडी नव्वद टक्के आयतीच बसते. कानडीत ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ वेगळे असतात, तेवढ्या कळा नव्यानं शिकायच्या. बेळगावात दोन्ही भाषांत अर्ज लिहून देणाऱ्यांना मी हे दाखवलंय, पहिले काही दिवस शिव्या घालतात आणि नंतर फोनेटिककडं परत जात नाहीत. मुलांना शिकवायचं असेल तर फोनेटिकची सवय लागायच्या आधीच शिकवा.

वर्डऐवजी लिब्रेऑफिस वापरलं तर एक गोष्ट बघा: मराठी-कानडीचा फॉन्ट आणि आकार तिथं इंग्रजीपासून वेगळा ठरवावा लागतो, 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून. नाहीतर तुम्ही आकार १४ करता आणि मराठी आहे तिथंच राहते.

रोजच्या हत्यारांत माझी पहिली पसंती फाईल शोधणाऱ्या 'एव्हरीथिंग'ला. फाईलच्या नावाचे दोन-तीन तुकडे लिहिले की पापणी लवायच्या आत सापडते, मराठी नावंही. विंडोजचा स्वतःचा शोध इतका मागं का आहे हे मला अजून कळलेलं नाही. फोटोसाठी इरफानव्ह्यू, १९९६ पासून एकच माणूस चालवतोय. ऑनलाईन अर्जाला फोटो ठरावीक केबीत मागतात ना, त्यात जेपीजी म्हणून सेव्ह करताना थेट केबीचा आकडा घालता येतो. मात्र ते बिगर-व्यावसायिक वापरालाच फुकट आहे, सोसायटीत वापरणार तर परवाना घ्या. पीडीएफ वाचायला सुमात्रा. आणि विंडोजची कळ न् व्ही: आधी कॉपी केलेल्या पंचवीस गोष्टींपर्यंतची यादी उघडते. हे त्याच ऑक्टोबर २०१८ च्या बदनाम अपडेटमधून आलं, म्हणजे ते अगदीच वाया गेलं नाही.

झिप उघडायला सेव्हन-झिप. पण हे स्वतःहून अपडेट होत नाही आणि त्याच कामाचं विनरारही होत नाही, आणि माझ्या मते खरा धोका या दुर्लक्षित छोट्या सॉफ्टवेअरमध्येच असतो. विनरारमध्ये २०२३ आणि २०२५ मध्ये अशी भोकं सापडली की मेलमधून आलेली फाईल उघडली तरी पुरे. २०२५ चं ७.१३ या आवृत्तीत बुजवलं. तुमच्या मशीनवर त्याहून जुनं असेल तर आजच काढा. सेव्हन-झिप रार फाईल उघडतं, बनवत नाही, एवढंच. तुम्हाला बनवायची असते कुठं?

आणि 'मशीन वेगवान करतो' म्हणणारे क्लीनर नकोतच. सीसीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत २०१७ मध्ये कंपनीच्या अधिकृत डाऊनलोडमधूनच व्हायरस गेला होता. जितकी सॉफ्टवेअर कमी तितकी अपडेटची चिंता कमी.

सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅम दिसते, ते इथं लिहा. आणि बिघडलेल्या एका पत्राच्या फॉन्टच्या खान्यात काय नाव दिसतं तेही. कन्व्हर्टर कुठला लागेल ते त्यावर ठरेल.